नेट गेल्यावर कोण येतं?

साताऱ्यात आमचं घर आणि सांगलीत विश्रामबागेला आईचं. दोन्ही घरांच्या इंटरनेटची बिलं बरीच वर्षं मीच भरते. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेपासून आजच्या फायबरपर्यंतचे सगळे टप्पे या दोन घरांनी पाहिले आणि त्यातून माझं एक मत पक्कं झालं. जाहिरातीत कंपनी वेग विकते. ग्राहकाला मात्र न तुटणारी, आणि तुटलीच तर लवकर जोडून मिळणारी सेवा लागते. कनेक्शन घेताना आपण "किती एमबीपीएस?" एवढंच विचारतो. खरा प्रश्न आहे, नेट गेल्यावर कोण येतं आणि कधी येतं?

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत, आणि तेही मोठ्या शहरांत. आपल्याकडच्या घरांत ते खऱ्या अर्थानं आलं बीएसएनएलनं जानेवारी २००५ मध्ये 'डेटावन' आणल्यावर. २००४ च्या सरकारी धोरणात २५६ केबीपीएस वेगाला ब्रॉडबँड म्हटलं होतं. काही योजनांत रात्री दोन ते सकाळी आठपर्यंतचं डाउनलोड महिन्याच्या मर्यादेत धरलं जात नसे, म्हणून कॉलेजची मुलं गजर लावून उठत. तांब्याच्या तारेचे दोष होतेच. पाऊस लागला की फोनमध्ये खरखर सुरू व्हायची आणि पाठोपाठ नेट जायचं. एक्स्चेंजपासून घर जितकं लांब, तितका वेग कमी. पण लाइनमन ओळखीचा असे. कुठल्या खांबावर जॉइंट आहे आणि कुठे पाणी मुरतं, हे त्याला पाठ असे. ३१ जानेवारी २०२० रोजी स्वेच्छानिवृत्ती योजनेत बीएसएनएलचे ७८ हजारांहून अधिक कर्मचारी एकाच दिवशी बाहेर पडले. त्यांच्यासोबत गावोगावच्या तारांची ही माहितीही गेली.

आता जवळपास सगळीकडे फायबर आहे, आणि तंत्र म्हणून ते तांब्यापेक्षा कितीतरी सरस आहे. काच गंजत नाही. केंद्रातल्या यंत्रापासून आपल्या घरापर्यंत, साधारण वीस किलोमीटरच्या टप्प्यात, मध्ये कुठेही विजेची गरज पडत नाही. एकाच धाग्यातला प्रकाश स्प्लिटरमधून बत्तीस किंवा चौसष्ट घरांना वाटला जातो. पण आपल्या गल्ल्यांत हा धागा विजेच्या खांबांवरून, गच्च्यांच्या कठड्यांवरून, झाडांच्या फांद्यांतून येतो. वादळात फांदी पडते, उंदीर-खारी कुरतडतात, उसाची उंच भरलेली ट्रॉली लोंबती केबल घेऊन जाते. पुणे-बंगळूर महामार्गाचं सातारा ते कागल सहापदरीकरण सुरू झाल्यापासून तर "जेसीबीनं केबल तोडली" हे वाक्य इथल्या प्रत्येक घराला पाठ झालं आहे. घरातल्या राउटरच्या डब्यावर लाल दिवा लागतो, आपण फोन करतो आणि उत्तर येतं, "वरूनच बंद आहे, काम चालू आहे." केसाइतकी बारीक काच मशीनवर जोडायला काही मिनिटं पुरतात. वेळ जातो तो नेमकं तुटलं कुठे हे शोधण्यात आणि तिथवर माणूस पोचण्यात.

साताऱ्यातल्या आमच्या कंपनीनं पहिली काही वर्षं उत्तम सेवा दिली, हे मला आवर्जून सांगायचं आहे. शेजारच्या पेठेतला एक मुलगा हे काम बघायचा. सकाळी फोन केला की दुपारपर्यंत शिडी लागलेली असायची. पुढे स्थानिक एजन्सी बदलली. फोन कॉल सेंटरला जाऊ लागला. तिथल्या मुलीला पोवई नाका कुठे आणि गोडोली कुठे, हे माहीत असायचं कारण नव्हतं. एका पावसाळ्यात जवळजवळ आठवडाभर नेट बंद होतं. सवलत मिळते म्हणून वर्षाचे पैसे आधीच भरलेले होते. बंद दिवस मुदतीत वाढवून द्या म्हटलं, तर "तशी सोय नाही" असं सांगण्यात आलं. मी लेखी तक्रार दिली, डॉकेट क्रमांक घेतला आणि उत्तर न आल्यावर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे गेले. दिवस वाढवून मिळाले. मुळात नसलेली सोय अपिलात सापडते, याचा अर्थ ती आधीपासून होती आणि मागणाऱ्यालाच मिळत होती.

सांगलीचा अनुभव वेगळा आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ५७ फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. गावभाग, खणभाग पाण्यात गेले. आईचं घर पाण्याबाहेर राहिलं, पण नेट बंद पडलं. त्या दिवसांबद्दल माझी कुणाविरुद्धही तक्रार नाही. पूर ओसरल्यावर केबलवाली पोरं चिखलातून नव्या केबल ओढत फिरत होती. त्यांना पगार किती मिळतो, खांबावर चढताना कमरेला पट्टा असतो का, अपघात झाला तर विमा असतो का, हेही ग्राहकांनी विचारलं पाहिजे. कंत्राटावरच्या या मुलांच्या हातांवरच आपली सेवा उभी आहे.

इंटरनेट हे आता केवळ करमणुकीचं साधन उरलेलं नाही. २०२० च्या टाळेबंदीत पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत काम करणारी मुलं गावी परतली आणि घरूनच काम करू लागली. त्याच घरात लहानग्यांची शाळा मोबाइलवर भरत होती. विटा, खानापूर, आटपाडीकडची गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, व्यवसायातली कुटुंबं देशभर विखुरलेली आहेत. त्यांच्या घरच्या म्हाताऱ्या माणसांना नातवंडं दिसतात ती व्हिडिओ कॉलवर. माझ्या आईचं पेन्शनचं, औषधांचं कामही त्याच डब्यावर चालतं. वीज गेली की महावितरणला जाब विचारणारे आपण, नेट गेलं की मुकाट मोबाइलचा डेटा वापरतो.

आपल्या बाजूनं नियम आहेत. १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या (ट्राय) सेवा-गुणवत्ता नियमांनुसार घरच्या ब्रॉडबँडचा बिघाड तीन दिवसांत दुरुस्त झाला नाही, तर ग्राहकाला भरपाई मिळायला हवी, मग तो पोस्टपेड असो वा प्रीपेड. ट्रायच्याच २०१२ च्या नियमांनी प्रत्येक तक्रारीला डॉकेट क्रमांक देणं आणि अपिलाची सोय ठेवणं कंपन्यांना बंधनकारक केलं. त्यापुढे ग्राहक आयोग आहे. दूरसंचारच्या तक्रारी तिथे चालत नाहीत असं अनेक वर्षं सांगितलं जात होतं. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२२ मध्ये व्होडाफोन आयडियाच्या खटल्यात त्या चालतात, असं स्पष्ट केलं. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला जिल्हा आयोगात शुल्क नाही. ज्या महाराष्ट्रात बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, तिथल्या ग्राहकानं गप्प बसावं, हे पटण्यासारखं नाही.

कंपन्यांना माझं सांगणं इतकंच, की पावतीवर वेगाच्या शेजारी दुरुस्तीची मुदत आणि बंद दिवसांची भरपाई मराठीत छापा. आणि वाचकहो, तुम्ही नेट गेलेला दिवस लिहून ठेवा. फोनवरच्या आश्वासनावर थांबू नका, डॉकेट क्रमांक मागा. तीन दिवस उलटले तर भरपाई मागा, नाकारली तर अपील करा, तरी काम झालं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. रक्कम शंभर-दोनशे रुपयांची असली तरी मागा. गल्लीतल्या दहा घरांनी ती मागितली, तर पुढच्या पावसाळ्यात वायरमन लवकर येईल.