दान सोडले, गिराण का धरून ठेवले?



दिनांक ७ सप्टेंबर २०२५ रोजी पौर्णिमा होती आणि त्याच रात्री खग्रास चंद्रग्रहण होते. पौर्णिमेच्या वंदनेसाठी सायंकाळी आम्ही सहकुटुंब एका विहारात गेलो, तो दाराला कुलूप! शेजारच्या फळ्यावर खडूने लिहिले होते : 'ग्रहणामुळे आज वंदना होणार नाही.' चौकशी केली तेव्हा कळले की, व्यवस्था पाहणाऱ्या गृहस्थांनी पंचांग उघडले, दुपारी एकच्या सुमारास वेध लागतात असे त्यांना आढळले, आणि त्यांनी किल्ली फिरविली. आम्ही विचारले, "दादा, हे वेध कोणाला लागले? बुद्धाला की आपल्याला?" ते म्हणाले, "वकीलसाहेब, लोक घाबरतात. उगाच कोणाचे मन कशाला दुखवा?" गृहस्थ सज्जन आहेत, त्यांच्यावर आमचा राग नाही. परंतु त्यांच्या उत्तराचा समाचार घेतल्यावाचून राहवत नाही. नुकतीच दीक्षा घेतलेली जी कुटुंबे त्या दारावरून परत गेली, त्यांनी घरी कोणती शिदोरी नेली? हीच की, धर्म बदलला तरी राहू बदलत नाही.

ग्रहणाशी आपला संबंध काय होता, हे तरुण पिढीस ठाऊक नसेल. आमच्या आजीस ते पुरते ठाऊक होते. ग्रहण लागले की गावातील सवर्ण घरांची दारे बंद होत आणि महार-मांगांची बायकापोरे टोपल्या घेऊन 'दे दान, सुटे गिराण' असे ओरडत गल्लोगल्ली फिरत. राहू-केतू हे अस्पृश्यांच्याच गोतातले, तेव्हा त्यांच्या भाईबंदांना दान दिले की ते सूर्य-चंद्रास सोडतात, असा तो हिशेब. देणारा हात वरून टाकी, घेणारा पदर खाली पसरी. अंगावरचे जुने वस्त्र, मूठभर धान्य, एखादे नाणे. आकाशातील सावलीसुद्धा आपल्या जातीच्या खात्यावर लिहून ठेवणारी ही समाजव्यवस्था होती!

आणि राहूचा अपराध तरी कोणता? देवांच्या पंगतीत जाऊन बसला आणि अमृताचा घोट घेतला, म्हणून त्याचे मस्तक उडविले. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यालेल्यांवर लाठ्या चालल्या. त्यांना ही कथा निराळी सांगावी लागत नाही. ज्या कथेत आपलेच डोके उडविलेले आहे, त्या कथेच्या भीतीने आपण उपाशी बसावे काय?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास दीक्षा घेतल्यावर आजीने ती टोपली चुलीत घातली. पुन्हा कधी ग्रहणाचे दान मागितले नाही. परंतु १६ फेब्रुवारी १९८० रोजी सूर्यग्रहण लागले, तेव्हा त्याच आजीने आमच्या आईला दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसविले. पाणी नाही, विळी नाही, सुई नाही, कूस वळविणे नाही. आईस तेव्हा सातवा महिना होता आणि पोटात प्रस्तुत लेखक होता. आजीस दोष देऊन आम्ही मोठे होत नाही. टोपली जाळणे हेच एका जन्मास पुरेल एवढे काम होते. परंतु अर्धे काम तिने केले, उरलेले अर्धे कोणी करावयाचे?

येथे वकिली दृष्टीने एक प्रश्न विचारतो. गर्भिणीने ग्रहणात काही चिरले तर मुलाचा ओठ फाटतो, असा आरोप आहे. बाळाचा ओठ गर्भाच्या पहिल्या दोन महिन्यांतच जुळून येतो, असे वैद्यकशास्त्र सांगते. म्हणजे सातव्या महिन्यातील विळीवर जो आरोप ठेवला जातो, त्याचा निकाल पाच महिन्यांपूर्वीच लागलेला असतो! असा खटला कोणत्याही न्यायालयात पहिल्याच तारखेस उडेल. मात्र गरोदर स्त्रीला तासन् तास पाण्यावाचून ठेवणे यात जी इजा आहे, तिला साक्षीपुरावा लागत नाही.

प्रतिपक्ष आता निराळा मुद्दा काढतो. 'तुमच्या त्रिपिटकातही राहू आहे', असे तो म्हणतो. आहे, आम्ही लपवीत नाही. संयुत्त निकायात चंद्र व सूर्य हे देवपुत्र बुद्धाला शरण जातात आणि राहू त्यांना सोडतो, अशी दोन लहान सुत्ते आहेत. पण त्याच त्रिपिटकात, दीघ निकायाच्या ब्रह्मजाल सुत्तात, अमुक दिवशी ग्रहण लागेल व त्याचे अमुक फल होईल असे सांगून पोट भरणे ही हीन विद्या ठरविली आहे आणि श्रमण गौतम तीपासून दूर राहतो, असे म्हटले आहे. दोहोंपैकी काय घ्यावे? त्याची कसोटी बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात घालून दिली आहे : जे बुद्धिसंगत, तर्कसंगत, तेच बुद्धवचन म्हणून स्वीकारावे. एखादी गोष्ट ग्रंथात आहे एवढ्याने ती मानावी, हे ब्राह्मणी न्यायशास्त्र झाले.

आणि ब्राह्मणी ग्रंथांना तरी सत्य ठाऊक नव्हते काय? आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास स्पष्ट लिहून ठेवले की, चंद्र सूर्यास झाकतो आणि पृथ्वीची छाया चंद्रास झाकते. पुढे ६२८ साली ब्रह्मगुप्ताने ग्रहणाचे गणित छायेवरूनच मांडले, परंतु राहू न मानणाऱ्यांना मात्र वेद-स्मृतींचा हवाला देऊन फटकारले. परदेशातून आलेला अल्बेरुनी अकराव्या शतकात हे वाचून चकित झाला. आमचा त्यावर अभिप्राय असा की, जे गणितास मान्य होते ते पुरोहितापुढे बोलण्याची सोय नव्हती. पंचांगकर्ता आजही ग्रहणाची मिनिटे छायेवरून काढतो आणि त्याखाली दानाची यादी राहूच्या नावाने छापतो.

सूर्यग्रहण अमावास्येलाच आणि चंद्रग्रहण पौर्णिमेलाच होते. चंद्राची कक्षा सुमारे ५ अंशांनी कललेली असल्यामुळे ते दर महिन्यास होत नाही. म्हणजे चंद्रग्रहणाचा दिवस हा नेहमीच आपल्या वंदनेचा दिवस असतो. ५ मे २०२३ रोजी तर बुद्धपौर्णिमेलाच छायाकल्प ग्रहण आले होते. तेव्हा ते पाहण्यास विहाराच्या अंगणाहून योग्य जागा कोणती? नुसत्या डोळ्यांनी खुशाल पाहावे. काही अपाय नाही. सूर्यग्रहणाची गोष्ट वेगळी. तेथे भीती राहूची नाही, सूर्याची आहे. काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, बादलीतील पाणी हे सारे डोळ्यांस घातक. प्रमाणित ग्रहण-चष्मा घ्यावा. नसल्यास पुठ्ठ्यास बारीक छिद्र पाडून सूर्याकडे पाठ करावी आणि समोरच्या कागदावर पडणारे बिंब पाहावे. विहारात बोधिवृक्ष असेल तर तेवढाही खटाटोप नको : पानांच्या फटींतून खाली जमिनीवर शेकडो चंद्रकोरी पडतात, मुलांना त्या मोजू द्याव्यात.

जागेचे महत्त्व किती असते ते पाहा. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा महाराष्ट्रावरून गेला, तेव्हा लॉकियर इंग्लंडहून विजयदुर्गास आला आणि पुण्याचे प्राध्यापक नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे दुर्बिणी लावून बसले. (विजयदुर्गावर लॉकियरने १८६८ साली हेलियम शोधला, असे काही लोक अभिमानाने सांगतात. ते खरे नाही. त्या वर्षी तो भारतात नव्हताच. साक्ष सोयीची असली तरी खोटी नको.) त्या दिवशी आमचे पूर्वज त्याच मुलखात टोपल्या घेऊन फिरत असतील, हे सांगावयास साक्षीदार लागत नाही.

यापुढील तारखा लिहून ठेवा. २ ऑगस्ट २०२७ रोजी पश्चिम भारतातून दुपारनंतर खंडग्रास सूर्यग्रहण आहे. आषाढातील ढगांनी मात्र दगा देऊ नये. २१ मे २०३१ रोजी केरळ-तमिळनाडूतून कंकणाकृती ग्रहण दिसेल, आपल्याकडे खंडग्रास. २० मार्च २०३४ रोजी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कारगिलच्या परिसरातून जाईल. ही तारीख महाडची आहे खरी. परंतु त्यात कोणी फल शोधू नये, नाही तर आपणही पंचांगवालेच ठरू.

कायद्याचे दोन शब्द. घटनेच्या अनुच्छेद ५१-क मध्ये १९७६ च्या दुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टी बाळगणे हे नागरिकाचे कर्तव्य सांगितले आहे. वेध पाळणाऱ्यास त्याखाली शिक्षा नाही आणि असूही नये. घरातील हे काम पोलिसाचे नव्हे, आपले आहे.

सर्वांत मोठा योग ३१ डिसेंबर २०२८ च्या रात्रीचा. सुमारे ८.४० वाजता चंद्रावर पृथ्वीची गडद छाया चढू लागेल, १०.२० च्या सुमारास ग्रहणाचा मध्य होईल, तासाहून अधिक काळ तांबूस खग्रास बिंब दिसेल, आणि मध्यरात्र उलटल्यावर काही मिनिटांनी, म्हणजे १ जानेवारीस, चंद्र छायेतून मोकळा होईल. त्या वेळी असंख्य बांधव भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाच्या वाटेवर असतील. चंद्र माथ्याजवळ असल्यामुळे झाडी-इमारतींचा अडथळा नाही. थंडी असते, घोंगडी न्या. मुलांना झोपू देऊ नका. घरी गरोदर सून असेल तर तिला अंगणात खुर्ची टाकून द्या, आणि जवळ पाण्याचा तांब्या ठेवा.

आमच्या त्या विहाराच्या गृहस्थांनाही आम्ही बरोबर येण्याचे निमंत्रण दिले आहे. त्यांनी येतो म्हटले आहे. विहाराची किल्ली त्या रात्री कोणाकडे राहील, एवढे मात्र अद्याप ठरावयाचे आहे.