विश्लेषण : जुन्या गाडीचा फ्युएल पंप खरोखर इथेनॉलमुळेच बिघडतो का?

२० टक्के इथेनॉल मिश्रित ‘ई-२०’ पेट्रोल देशभर मिळू लागल्यापासून जुन्या गाड्यांच्या मालकांमध्ये धास्ती आहे. गाडी सुरू होत नसेल, तर ‘इथेनॉलने पंप गेला’ असे निदान गॅरेजमध्ये सर्रास ऐकायला मिळते. हे निदान कितपत खरे, ते कसे पडताळायचे आणि पंप बदलताना कोणती काळजी घ्यायची, याचा हा आढावा.

‘ई-२०’चा वाद काय?

देशात २०१४ मध्ये पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण जेमतेम दीड टक्का होते. २० टक्क्यांचे उद्दिष्ट आधी २०३० साठी होते, ते अलीकडे आणून २०२५-२६ करण्यात आले. फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘ई-२०’ची विक्री सुरू झाली आणि २०२५ पर्यंत तेच बहुतेक पंपांवरचे नेहमीचे पेट्रोल झाले. तेल आयात कमी व्हावी आणि शेतकऱ्यांना पैसा मिळावा, ही सरकारची भूमिका. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांचे अर्थकारणही या धोरणाशी जोडलेले आहे. मात्र एप्रिल २०२३ पूर्वीच्या बहुतेक गाड्या या इंधनासाठी बनवलेल्या नाहीत. शुद्ध पेट्रोलचा पर्याय खुला ठेवावा, ही मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. त्यामुळे जुन्या गाडीच्या मालकापुढे निवड फारशी उरलेली नाही.

फ्युएल पंप नेमके काय करतो?

कार्ब्युरेटरच्या जमान्यातील गाड्यांमध्ये इंजिनाला लागून असलेला यांत्रिक पंप पडद्याच्या हालचालीने पेट्रोल ओढत असे. इंजेक्शन प्रणाली आल्यावर विजेवर चालणारा पंप थेट टाकीत गेला. तो साधारण ३ ते ४ बार दाबाने पेट्रोल इंजिनाकडे ढकलतो. विशेष म्हणजे हा पंप पेट्रोलमध्येच बुडालेला असतो आणि पेट्रोलमुळेच थंड राहतो. म्हणून सतत ‘रिझर्व्ह’वर गाडी चालवण्याची सवय पंपाचे आयुष्य कमी करते. टाकीच्या तळाचा गाळही अशा वेळी जाळीत लवकर ओढला जातो.

इथेनॉलचा परिणाम होतो का?

होऊ शकतो, पण तो एका दिवसात होत नाही. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते. गाडी अनेक आठवडे उभी राहिली आणि पाण्याचे प्रमाण वाढले, तर पाणी-इथेनॉलचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो. लोखंडी टाकीत गंज धरतो. इथेनॉल चांगले विद्रावक असल्याने वर्षानुवर्षे चिकटलेला मळ सुटतो आणि पंपाच्या जाळीत अडकतो. जुन्या प्रकारचे रबर फुगते किंवा कडक होऊन त्याला चिरा जातात. काही जुन्या गाड्यांमध्ये २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट २०२५ मध्ये मान्य केले. हा खर्च किरकोळ असल्याचे मंत्रालयाचे म्हणणे आहे.

मात्र प्रत्येक बिघाडाचे खापर इथेनॉलवर फोडता येत नाही. होंडाने ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतात ९० हजारांहून अधिक जुन्या गाड्या सदोष फ्युएल पंप बदलण्यासाठी परत मागवल्या. त्यात दोष होता पंपातील इम्पेलरचा, म्हणजे पेट्रोल ढकलणाऱ्या चक्राचा.

पंपच खराब आहे हे कसे ओळखावे?

सेल्फ मारूनही गाडी उशिरा सुरू होणे, चढावर किंवा ओव्हरटेक करताना दम न पकडणे, चालता चालता बंद पडून थंड झाल्यावर पुन्हा सुरू होणे, ही पंपाची लक्षणे आहेत. पण फिल्टर तुंबला किंवा इंजिनाचा एखादा सेन्सर बिघडला, तरी अशीच लक्षणे दिसतात. म्हणून तपासणीचा क्रम महत्त्वाचा.

पहिली खूण कानाने कळते. चावी ‘ऑन’ करताच बहुतेक गाड्यांत मागच्या सीटखालून दोनेक सेकंद गुणगुणल्यासारखा आवाज येतो. तो आला नाही, तर आधी फ्यूज, मग रिले तपासावा. दोन्ही ठीक असतील तर पंपाच्या कनेक्टरवर बॅटरीइतका, म्हणजे सुमारे १२ व्होल्टचा दाब पोहोचतो का आणि अर्थिंग पक्के आहे का, हे मीटरने पाहावे. वीज पोहोचूनही पंप फिरत नसेल, तरच दोष पंपाचा. आवाज येतो पण गाडी दम धरत नाही, अशा वेळी गेज लावून इंधनाचा दाब मोजावा. दाब कमी असेल तर आधी जाळी आणि फिल्टर तपासावेत. काही शे रुपयांचा रिले खराब असताना हजारो रुपयांचा पंप बदलला जातो, तो हा क्रम टाळल्यामुळे.

पंप बदलताना काय पाहावे?

अनेक गाड्यांत मागची सीट उचलली की झाकण दिसते. काहींत टाकीच उतरवावी लागते. काम सुरू करताना टाकीत पेट्रोल कमी असावे. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवले की पाइपमधील दाब उतरतो. त्यानंतर बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साचते आणि एका ठिणगीनेही पेटते. त्यामुळे हे काम बंदिस्त जागेत करू नये. नवा पंप बसवताना झाकणाची रबरी सील आणि जाळी नवीच घ्यावी. टाकीत गंज किंवा पाणी असेल, तर ती साफ केल्याशिवाय नवा पंप टिकणार नाही. सुटा भाग ‘ई-२०’ला चालणारा आहे का, हे विचारून तसे बिलावर लिहून घ्यावे.

खर्च कोणाचा?

झीज किंवा यांत्रिक बिघाड नेहमीच्या वाहन विम्यात बसत नाही. ‘ई-२०’ वापरल्याने विमा रद्द होतो, ही अफवा असल्याचे सरकारने स्पष्ट केले आहे. पण याचा अर्थ पंपाचा खर्च विमा कंपनी देईल असा नाही. मात्र पैसे भरण्यापूर्वी कंपनीच्या संकेतस्थळावर गाडीचा चासी क्रमांक टाकून ती परत मागवलेल्या गाड्यांत आहे का, हे जरूर पाहावे. एप्रिल २०२१ पासून लागू असलेले सक्तीच्या ‘रिकॉल’चे नियम सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांना लागू होतात. त्याहून जुन्या गाड्याही कंपन्या स्वेच्छेने परत मागवतात आणि तेव्हा पंप मोफत बदलून मिळतो.