बाहुलीस नवें मुख

संस्कृतांत ‘पुत्रिका’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत: कन्या आणि बाहुली. अमरकोशांत तो ‘पाञ्चालिका’ या शब्दाच्या जोडीस बसविला आहे. कालिदासानेंही कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गांत लहानग्या पार्वतीच्या हातीं चेंडू दिला आणि त्याबरोबर बाहुल्याही दिल्या. परंतु कवीच्या मनांतील बाहुली ती बालिकेची. बालिका मोठी झाली कीं बाहुली माळ्यावर जावयाची, हें आपण इतकें गृहीत धरिलें आहे कीं, पस्तीस-चाळीस वर्षांची, सुशिक्षित, मिळवती स्त्री रात्रीं जेवणें आटोपल्यावर मेजावर बाहुली घेऊन बसते असें ऐकिलें म्हणजे आमच्या पिढींतील मंडळींच्या भुवया वर चढतात.

आज आम्ही ज्या छंदाविषयीं लिहीत आहों तो नेमका अशा प्रौढ स्त्रियांचा, आणि कांहीं पुरुषांचाही, आहे. त्याचें माहेर अमेरिका व जपान. बाजारांतून बाहुली आणावयाची, कारखान्यानें रंगविलेला तिचा चेहरा साफ पुसून टाकावयाचा, तिला आपल्या कल्पनेंतील मुख, केंस व वस्त्र द्यावयाचें, आणि मग तिचीं छायाचित्रें घ्यावयाचीं, हा त्याचा क्रम. या बाहुल्या आपल्या ठकीसारख्या साध्याही नसतात; कोणी रक्तपिपासूची कन्या, कोणी जलपरी, कोणी वनदेवता. ‘पोरखेळ’ हा शब्द वाचकांच्या जिभेवर आला असेल. तो क्षणभर तेथेंच असूं द्यावा, अशी आमची विनंति आहे.

न्यूयॉर्क शहरीं डेअर राइट नांवाच्या एक बाई होत्या. प्रथम त्या छायाचित्रकारांपुढें उभ्या राहण्याचा व्यवसाय करीत. पुढें स्वतःच छायाचित्रकार झाल्या. त्या लहान असतांनाच आईबापांची फारकत झाली. भाऊ बापाकडे गेला, या आईपाशीं राहिल्या, आणि भावाबहिणींची पुन्हां गांठ पडली ती दोघेंही मोठीं झाल्यावर. बाईंपाशीं बाळपणची एक बाहुली होती, इटलींतील लेंची या कारखान्याची, दाबलेल्या लोकरीच्या कापडाची. तिला त्यांनीं स्वतःच्यासारखे सोनेरी केंस लाविले, कानांत वाळ्या घातल्या, स्वतःच्या आईचें ‘ईडिथ’ हें नांव दिलें, आणि तिचीं छायाचित्रें घेऊन गोष्टीचें एक पुस्तक रचिलें. ‘द लोन्ली डॉल’, म्हणजे एकाकी बाहुली, या नांवानें तें १९५७ सालीं प्रसिद्ध झालें. घरांत एकटीच राहणारी बाहुली आणि एके दिवशीं तिच्याकडे राहावयास आलेलीं दोन अस्वलें, एवढेंच मुळीं कथानक. त्या वेळीं बाईंनीं चाळिशी ओलांडली होती. जिच्या घरांतून भाऊ उठून गेला, तिनें आपल्या बाहुलीच्या घरीं सोबत आणून बसविली, यांत हसण्यासारखें काय आहे तें आम्हांस तरी दिसत नाहीं.

दुसरी कथा ब्लाइथ नांवाच्या बाहुलीची. अमेरिकेंतील केनर कंपनीनें ती १९७२ सालीं काढिली. उंची सुमारें अकरा इंच, शरीर काडीसारखें, आणि त्यावर भोपळ्याएवढें डोकें. डोक्यामागें एक दोरी. ती ओढली कीं डोळे मिटावयाचे आणि उघडावयाचे ते निराळ्या रंगाचे, असे एकूण चार रंग. मुलांना ते बटबटीत डोळे भेसूर वाटले असें सांगतात. कसेंही असो, वर्षभरांतच तिचें उत्पादन थांबलें आणि जग तिला विसरलें. पुढें १९९७ सालीं जिना गारन नांवाच्या न्यूयॉर्कमधील दूरचित्रवाणीच्या एका निर्मातीला अशी एक जुनी ब्लाइथ मिळाली. छायाचित्रणांत हात बसावा म्हणून तिनें त्या बाहुलीचींच चित्रें घेण्यास आरंभ केला. त्यांचें पुस्तक २००० सालीं निघालें. त्याच वर्षीं जपानांतील पार्को या दुकानानें ब्लाइथला आपल्या जाहिरातींत आणिलें. आणि २००१ सालीं तेथील ताकारा कंपनी ती बाहुली पुन्हां काढूं लागली. खेळणें म्हणून जी एका वर्षांत संपली ती कोणी तरी तिच्याकडे नीट पाहिल्यामुळें परत आली. आज ब्लाइथचें डोकें स्क्रू काढून उघडतात, डोळ्यांच्या रंगीत चकत्या बदलतात, नाक-ओठ कोरून अधिक रेखीव करितात, आणि नायलॉनच्या केंसांऐवजीं मेंढी-बोकडाच्या मऊ लोकरीचे केंस बसवितात.

आतां चेहरा पुसण्याकडे वळूं. या कामीं फार वापरांत असलेल्या बाहुल्या म्हणजे ‘मॉन्स्टर हाय’ या मालिकेंतील. बार्बी काढणाऱ्या मॅटेल कंपनीनेंच त्या २०१० सालीं बाजारांत आणिल्या, आणि मध्यंतरीं थांबून २०२२ सालीं त्या पुन्हां नव्यानें आणिल्या. ड्रॅक्युलाची मुलगी, लांडगामानवाची मुलगी, इजिप्तच्या ममीची मुलगी, अशा या राक्षसकन्या. कोणाची कातडी गुलाबी, कोणाची निळी. हिडिंबेच्या कुळांतील म्हटल्या तरी चालेल. त्यांचीं कोपरें, मनगटें, गुडघे वळतात आणि डोकें मऊ व्हाइनिलचें असतें, म्हणून कारागिराला त्या सोयीच्या पडतात.

कापसाच्या बोळ्यावर ॲसिटोन घेऊन चेहरा पुसतात. नखांवरील रंग काढण्याच्या पुष्कळ द्रवांत हेंच असतें. डोळे, भुवया, ओठांचा रंग हीं गेलीं कीं मागें केवळ आकार राहतो: नाक आहे, ओठांची खांच आहे, पण पाहणारें कोणी नाहीं. आमचीं चाळीस वर्षें फळा पुसण्यांत गेलीं. कोऱ्या फळ्यापुढें उभें राहणें आम्हांस नवें नाहीं. परंतु असें कोरें मुख हातीं धरिलें असतां आमच्याही मनाला कांहीं तरी चाटून गेलें. एक गोष्ट येथेंच सांगून ठेवितों. व्हाइनिलला जें ॲसिटोन स्वच्छ करितें तेंच एबीएस नांवाच्या कठीण प्लॅस्टिकला विरघळवितें. नव्या ब्लाइथचें मुख या दुसऱ्या जातीचें असतें. तेथें हा बोळा फिरविला कीं मुखच गेलें म्हणून समजावें.

पुसलेल्या मुखावर रंग थेट धरत नाहींत. प्रथम निस्तेज रोगणाचा सूक्ष्म फवारा मारितात, म्हणजे पृष्ठभाग किंचित् खरखरीत होतो. मग खडूच्या रंगांची पूड कोरड्या कुंचल्यानें गालांवर, पापण्यांवर, नाकाच्या बाजूंस लावितात. पाण्यांत विरघळणाऱ्या रंगीत पेन्सिलींनीं डोळ्यांची रेषा काढितात. पुन्हां फवारा, पुन्हां रंग. या थरांमागें युक्ति आहे. एखादी रेषा चुकली तर ओल्या कापसानें शेवटच्या फवाऱ्यापर्यंतचेंच काम पुसतें, त्याखालचें सुरक्षित राहतें. आमच्या वेळच्या चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना ही सोय असती तर किती वह्या वांचल्या असत्या! सर्वांत कठीण काम दोन्ही डोळे सारखे काढण्याचें. मनुष्याची नजर आपल्याच चुकीला लवकर सरावते, म्हणून जाणते लोक बाहुलीला आरशासमोर धरून पाहतात. उलट्या प्रतिबिंबांत तिरळेपणा ताबडतोब उघडा पडतो. पेणच्या गणपतींच्या कारखान्यांत डोळ्यांची आखणी हरएकाच्या हातीं देत नाहींत, त्याचें मर्म येथें कळतें. शेवटीं बुबुळांवर व ओठांवर चकचकीत रोगणाचा एक थेंब पडतो, आणि मेजावरची वस्तु आपल्याकडे पाहूं लागते.

छायाचित्र घेणें ही निराळीच विद्या आहे. उभ्यानें, वरून चित्र घेतलें तर बाहुली बाहुलीच दिसते. कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या पातळीवर आणावा लागतो, म्हणजे चित्रकारानें जमिनीवर पालथें पडावयाचें. फार जवळून घेतलेल्या चित्रांत नाकाचा शेंडा स्पष्ट आणि कान अस्पष्ट, असें होऊं लागतें, आणि त्यावरूनच पाहणाऱ्यास वस्तूचा लहानपणा कळतो. यास्तव कॅमेऱ्याचें छिद्र बारीक करितात आणि तें बारीक झाल्यामुळें प्रकाश कमी पडतो म्हणून तिवई लावून वेळ वाढवितात. झाडाचें मोठें पान शेजारीं आलें तर सर्व माया संपली. पण शेवाळाचा तुकडा कुरण होतो, आणि दूरची टेंकडी मागें ठेवून बाहुली पुढें उभी केली तर ती डोंगरकड्यावर चालून आल्यासारखी भासते. खिडकींतून येणारा सौम्य उजेड उत्तम. त्या खिडकीचें इवलेंसें प्रतिबिंब बुबुळांत पडलें पाहिजे. तें नसेल तर इतकी मेहनत करून रंगविलेले डोळेही निर्जीव दिसतात.

इतकें बारीक आम्हांस कसें ठाऊक, असें कोणी विचारील. आमच्या धाकट्या सूनबाई दोन वर्षांपासून या छंदांत आहेत. दिवसभर बँकेंत आंकडेमोड करून येतात, स्वयंपाकघरांत वाटा उचलतात, आणि दहा वाजल्यानंतर गॅलरीजवळच्या मेजावर बसतात. प्रथम घरांत कुजबूज झाली. आमच्या वडील भगिनी आक्का तर स्पष्टच म्हणाल्या, “एवढी घोडी झाली, आणि बाहुल्या कसल्या खेळते!” आम्ही आक्कांना एवढेंच विचारिलें कीं, ज्येष्ठागौरींच्या दिवशीं मुखवटा बसविल्यावर दिवसभर आपण काय करीत असतां? नथ तीनदां सरकवितां, पदर पुन्हां पुन्हां चुणून घेतां, दाराशीं जाऊन लांबून पाहतां, आणि “यंदा मुद्रा प्रसन्न नाहीं, जरा उजवीकडे कलती करा” असें कोण म्हणतें? देवतेच्या मुखाची आणि खेळण्याची बरोबरी आम्ही करीत नाहीं. पण निर्जीव मुखाला वेषभूषेनें भाव आणण्याची जी नजर, ती आक्कांपाशीं आणि सूनबाईंपाशीं एकच आहे. आक्का कांहीं बोलल्या नाहींत. चार दिवसांनीं ट्रंकेच्या तळांतला एका जीर्ण पैठणीचा वीतभर काठ त्यांनीं मेजावर नेऊन ठेविला.

एकत्र कुटुंबांत एकाकीपणा नसतो अशी आपली समजूत असते. माणसें बारा असलीं म्हणजे गलबला असतो, सोबत असतेच असें नाहीं. आणि जिला दिवसभरांत स्वतःची अशी एक वीतही जागा मिळत नाहीं तिला तर ती मुळींच नसते. घरच्या पुरुषांना वर्तमानपत्र वाचण्याची खुर्ची असते, मुलांना अभ्यासाचा कोपरा असतो. सुनेच्या वस्तु मात्र जेवणाची पानें मांडावयाच्या वेळीं उचलल्या जातात. अर्धें वाळलेलें मुख असें उचललें कीं त्यावर बोटाचा ठसा उमटतो आणि दोन रात्रींचें काम जातें. आमच्या घरीं आतां असा ठराव झाला आहे कीं, त्या मेजावरचें कांहीं कोणीं हलवावयाचें नाहीं, झाडतांनाही नाहीं. छंद कोणताही असो, वाचकांनीं हा ठराव आपल्या घरीं मांडून पाहावा.

मात्र आमचा पाठिंबा बिनशर्त नाहीं. फवाऱ्याची वाफ फुप्फुसांना घातक असते. साधा कापडी मास्क पुरत नाहीं, वाफ गाळणाराच लागतो, आणि काम उघड्या हवेंत, तान्ह्या मुलांपासून दूर करावयाचें. ॲसिटोन भडकन् पेट घेतें. शेगडी किंवा समई जवळ नको.

या छंदांत एक पंथ असाही आहे कीं, जो बाहुली घेतो आणि तिची पेटीच उघडीत नाहीं. पेटी अभंग तर किंमत अधिक. ज्याचा पैसा त्याची मर्जी, पण आम्हांस तो पंथ रुचत नाहीं. तथापि १९७२ ची मूळ ब्लाइथ कोणाच्या हातीं लागली तर तिचें मुख कोरूं नये. त्या थोड्या उरल्या आहेत, आणि जुन्या पोथीवरील अक्षरें खरवडून आपला श्लोक लिहिणाऱ्याला कोणी कवि म्हणत नाहीं. आणखी एक. जपानांतील क्योतोच्या व्होक्स कंपनीनें १९९९ सालीं सुपर डॉल्फी नांवाच्या राळेच्या, गोल सांध्यांच्या मोठ्या बाहुल्या काढिल्या, आणि तेव्हांपासून अशा बाहुल्या घडविणारे मूर्तिकार ठिकठिकाणीं निघाले. त्यांच्या मूर्तींवरून चोरून सांचे घेऊन स्वस्त नकला विकणारेही आहेत. नक्कल घेणें म्हणजे एका कारागिराच्या मेहनतीचे पैसे दुसऱ्याच्या खिशांत घालणें होय. सूनबाईंनीं असल्या वस्तु घरांत आणावयाच्या नाहींत असें स्वतःच ठरविलें आहे.

ज्यांना हात घालून पाहावयाचा असेल त्यांनीं पहिली बाहुली जुनी, स्वस्त, व्हाइनिलच्या डोक्याची घ्यावी, आणि आरंभ आषाढ-श्रावणांत करूं नये. हवेंत दमटपणा असला कीं रोगणाचा फवारा मुखावर पांढरट धुक्यासारखा बसतो आणि सर्व पुसून पुन्हां पहिल्यापासून लागावें लागतें. दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेंत, सकाळचें दंव निघून गेल्यावर, हें काम उत्तम होतें.