दाबाखालचे रसायन

1962 साली व्हँकूव्हर येथे नील बार्टलेट यांनी झेनॉन आणि प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइड यांचा संयोग घडवून आणला, तेव्हाच निष्क्रिय वायूंच्या निष्क्रियतेचा दावा खारीज झाला होता. तथापि त्यानंतर हाती आलेली बहुतेक संयुगे फ्लोरीन, ऑक्सिजन अशा इलेक्ट्रॉनांसाठी आसुसलेल्या मूलद्रव्यांची असल्यामुळे (सुवर्ण-झेनॉनचा धनायन हा ठळक अपवाद), स्वतःच इलेक्ट्रॉन देऊन मोकळे होणारे धातू या वायूंशी संयोग पावतील ही कल्पना, दोन दानशूरांनी परस्परांच्या दारी याचक म्हणून उभे राहावे, इतकी विसंगत वाटत असे.

ती विसंगती दाबाने दूर केली. पृथ्वीच्या गाभ्यातील दाबाखाली झेनॉन लोह व निकेल यांच्याशी संयोग पावेल, आणि त्यात इलेक्ट्रॉन देणारा पक्ष धातू नसून झेनॉन असेल, असे भाकीत यानमिंग मा व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 साली गणिताने वर्तविले. 2018 साली दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये नमुना दाबून व लेसरने तापवून, निकेलच्या बाबतीत सुमारे 150 गिगापास्कल व 1500 केल्विन, आणि लोहाच्या बाबतीत सुमारे 200 गिगापास्कल व 2000 केल्विन यांपलीकडे, क्ष-किरण विवर्तनाने त्यास दुजोरा दिला. गाभ्याच्या सीमेवरच दाब 136 गिगापास्कल, म्हणजे वातावरणाच्या तेरा लक्ष पटींहून अधिक असतो, हे ध्यानी घेतले म्हणजे उल्काश्मांच्या मानाने आपल्या वातावरणात झेनॉन इतका तुटपुंजा का, या जुन्या फिर्यादीत गाभ्याचे नाव का गोवले जाते ते उमगते; मात्र आरोप शाबीत झाला असे आम्ही म्हणणार नाही, कारण संयुग बनू शकणे निराळे आणि तितका झेनॉन तेथवर पोहोचणे निराळे.

मॅग्नेशियमविषयीची गणिते तर उलटा न्याय सांगतात: तेथे वायूच इलेक्ट्रॉन घेतो. आणि 113 गिगापास्कलच्या वर स्थिर असणाऱ्या सोडियम-हेलियम संयुगात, ज्याची वार्ता 2017 साली प्रसिद्ध झाली, सोडियमच्या घनाकृती पोकळ्यांपैकी निम्म्यांत हेलियम व निम्म्यांत इलेक्ट्रॉनांच्या जोड्या बसतात; हेलियम कोणाशीही बंध जोडीत नाही, तरी त्याच्यामुळेच ती रचना स्थिर होते आणि धातू असलेला सोडियम विद्युत्-विरोधक बनतो. निश्चित प्रमाण आणि निश्चित स्फटिकरचना असल्याने त्यास संयुग म्हणावे, असे आमचे मत आहे. बंध मात्र म्हणू नये.

सबब लेखकांस विनंती की, या विषयावरील लेख आमच्याकडे धाडताना प्रत्येक संयुगासोबत दाब व तापमान नमूद करावे, आणि पुरावा केवळ गणिताचा आहे की विवर्तनाचा, हे पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट लिहावे.