विश्लेषण : ऊसतोड महिलांचे आरोग्य, बीडनंतर कंधारची पाहणी का हवी?

बीडमध्ये काय आढळले?
२०१९ मध्ये नीलम गोऱ्हे समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे, म्हणजे सुमारे १७ टक्के महिलांचे गर्भाशय काढलेले आढळले.

कारणे काय?
अंगावरून पांढरे जाणे, पोटदुखी या दुखण्यांना फडावर ना डॉक्टर, ना शौचालय. कामावर न गेल्यास खाडा भरावा लागतो. त्यामुळे उपचारांऐवजी ‘पिशवी’ काढण्याकडे कल वाढतो.

कंधारचा संबंध काय?
कंधार, मुखेडच्या वाडी-तांड्यांवरूनही जोडपी ऊसतोडीला जातात. बीडमध्ये मोजणी झाली, म्हणून प्रश्नाची व्याप्ती समोर आली. तशीच पाहणी, हंगामाआधी व परतल्यावर तपासणी आणि तालुक्यातच स्त्रीरोगतज्ज्ञ यांसाठी स्वतंत्र निधी हवा.