वेबसाईटचा सातबारा कोणाच्या नावावर?



गूळ, बेदाणा, हळद, आंबा असा माल घरून थेट गिऱ्हाइकाला विकणारी कुटुंबे अलीकडे वारंवार विचारतात, "साहेब, आमची वेबसाईट आम्हाला घरी करता येईल का?" साधी वेबसाईट घरी करता येते. दहावी-बारावी शिकलेली मुलगी, मुलगा किंवा सूनबाई घरात असावी आणि एखादा संगणक वापरायला मिळावा, की दोन-चार संध्याकाळी काम उरकते.

परंतु आधी गरज तपासावी. ज्यांचा माल बाजार समितीत जातो किंवा ज्यांचे गिऱ्हाईक पंचक्रोशीतच आहे, त्यांना व्हॉट्सॲप पुरेसे आहे. ज्यांचा माल पुण्या-मुंबईच्या घरांत जातो, पेटीवर पत्ता छापला जातो, त्यांनी वेबसाईटचा विचार करावा. नुसती वेबसाईट काढल्याने गिऱ्हाईक येत नाही. आलेल्या गिऱ्हाइकाचा विश्वास मात्र बसतो.

तीन गोष्टी वेगळ्या ओळखाव्यात

वेबसाईट म्हणजे नाव, जागा आणि पाने. नावाला डोमेन म्हणतात. ते कायमचे विकत मिळत नाही, खंडाने घेतलेल्या शेतासारखे मुदतीने मिळते. जागेला होस्टिंग म्हणतात. सदैव चालू असणाऱ्या संगणकावर आपल्या पानांसाठी भाड्याने घेतलेली ती खोली समजावी. पाने म्हणजे आपण लिहिलेला मजकूर व फोटो. नाव एकीकडून व जागा दुसरीकडून घेतली, तर नावाच्या खात्यात जागेचे 'नेमसर्व्हर' भरावे लागतात. ते भरले नाहीत तर नाव पुकारूनही पाहुणा घरी पोहोचत नाही.

या तिन्हींत नाव सर्वांत मोलाचे आहे. आमच्या कार्यक्षेत्रातील एका महिला बचत गटाने गुळाच्या विक्रीसाठी शहरातील एका माणसाकडून वेबसाईट करून घेतली. काम चांगले झाले, पैसेही वाजवी घेतले. पण डोमेन त्याने स्वतःच्या ईमेलवर व स्वतःच्या मोबाईल नंबरवर घेतले. पुढे तो नोकरीसाठी गाव सोडून गेला. मुदत संपल्याच्या सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर येत राहिल्या, त्या कोणी वाचल्या नाहीत. नाव सुटले आणि तिऱ्हाइताने उचलले. गटाकडे मात्र तेच नाव छापलेल्या पेट्यांचा ढीग, आणि गुऱ्हाळाचा हंगाम तोंडावर! पाने पुन्हा लिहिता येतात, जागा दुसरी मिळते. सुटलेले नाव परत मिळेलच असे नाही.

म्हणून डोमेन स्वतःच्या किंवा गटाच्या नावावर, घरच्या ईमेलवर व घरच्या मोबाईलवर घ्यावे. काम दुसऱ्याकडून करून घेतले तरी चालेल, पण खाते आपलेच असावे. पहिल्या वर्षाचा दर पुष्कळदा कमी असतो व नूतनीकरणाचा जास्त, म्हणून दोन्ही दर विचारावेत. मुदतीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरात एक महिना आधी लिहून ठेवावी.

पान कसे तयार करावे

प्रथम कागदावर मजकूर लिहावा: कुटुंबाचे नाव, गाव-तालुका, माल कोणता, कोणत्या महिन्यांत मिळतो, वजन व भाव, फोन नंबर. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत जगातील पहिली वेबसाईट केली, ती साधा मजकूर व दुवे एवढीच होती. आपल्यालाही एका पानापासून सुरुवात करता येते.

हे पान एचटीएमएल या खुणांच्या भाषेत, संगणकातील नोटपॅडमध्ये लिहिता येते. मथळा कोठे, परिच्छेद कोठे, फोटो कोठे, एवढेच त्या खुणा सांगतात. जतन करताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, फाइलचे नाव छोट्या इंग्रजी अक्षरांत 'इंडेक्स डॉट एचटीएमएल' असे द्यावे. दुसरी, प्रकार 'ऑल फाइल्स' निवडावा. नाहीतर नोटपॅड शेवटी 'डॉट टीएक्सटी' जोडून देतो व ते सहसा दिसतही नाही. तिसरी, एन्कोडिंग 'यूटीएफ-८' ठेवावे व पानाच्या वरच्या भागात तशी खूणही लिहावी. छापखान्यातील जुन्या फाँटमधला मराठी मजकूर तसाच चिकटवू नये, त्याची भलतीच अक्षरे दिसतात. मजकूर युनिकोडमध्येच टंकलेला असावा.

फोनवरचा एक फोटो सहज चार-पाच एमबीचा असतो. असे दहा फोटो टाकले तर पाहणाऱ्याला चाळीस-पन्नास एमबी उतरवावे लागतात व तो कंटाळून निघून जातो. प्रत्येक फोटो लहान करून दोनशे केबीच्या आसपास आणावा.

पान जागेवर चढविणे

होस्टिंग घेतल्यावर खात्याचे नाव व पासवर्ड मिळतो. खात्यात शिरून 'फाइल मॅनेजर' उघडावा. बहुतेक ठिकाणी 'पब्लिक एचटीएमएल' नावाचा फोल्डर असतो. पान व फोटो त्यातच टाकावेत, बाहेर टाकलेले जगाला दिसत नाहीत. फाइली पुष्कळ असतील तर फाइलझिला हा मोफत प्रोग्राम वापरावा. त्यात शक्य असेल तर 'एसएफटीपी' निवडावे, म्हणजे पासवर्ड उघड्यावरून जात नाही.

बिघडले तर

पान पिवळे पडले की कारण न पाहता फवारणी करणारा शेतकरी पैसे घालवतो. येथेही तसेच आहे. आधी लक्षण नीट वाचावे, एका वेळी एकच बदल करावा आणि मग पुन्हा पाहावे.

वेबसाईट सापडतच नाही: नेमसर्व्हर तपासावेत व नावाची मुदत पाहावी. नेमसर्व्हर नुकतेच बदलले असतील तर एक-दोन दिवस थांबावे, बदल सगळीकडे पोहोचायला वेळ लागतो.

'४०३' दिसते किंवा नुसती फाइलींची यादी दिसते: बहुधा इंडेक्स फाइल योग्य फोल्डरात नाही किंवा तिचे नाव चुकले आहे.

'४०४' दिसते: त्या पत्त्यावर फाइल नाही. दुव्यातील नाव व फाइलचे नाव अक्षर न् अक्षर ताडून पाहावे.

घरच्या संगणकावर फोटो दिसतो, वेबसाईटवर दिसत नाही: होस्टिंगचे संगणक बहुधा लिनक्सवर चालतात व तेथे मोठे आणि छोटे इंग्रजी अक्षर वेगळे मानतात. विंडोज हा फरक करत नाही. सर्व नावे छोट्या अक्षरांत व मोकळी जागा न सोडता ठेवली की हा त्रास टळतो.

बदल केला तरी जुनेच पान दिसते: ब्राउझरने जुनी प्रत साठवून ठेवलेली असते. कंट्रोल व एफ-५ ही बटणे एकत्र दाबावीत किंवा दुसऱ्या फोनवर पाहावे.

'नॉट सिक्युअर' असे येते: खात्यात एसएसएल प्रमाणपत्र चालू करावे. बऱ्याच ठिकाणी ते मोफत मिळते. त्यालाही मुदत असते, म्हणून आपोआप नूतनीकरण चालू आहे ना ते पाहावे.

'५००' आले: दोष होस्टिंगच्या संगणकावरील एखाद्या प्रोग्रामात किंवा मांडणीच्या फाइलीत असतो. शेवटचा बदल मागे घेऊन पाहावा. न जमल्यास केव्हापासून, काय दिसते हे लिहून होस्टिंगवाल्यांना कळवावे.

पानांची व फोटोंची एक प्रत घरी पेनड्राइव्हवर असू द्यावी. बी राखून ठेवणाऱ्याला याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. ईमेल, खात्याचे नाव, मुदतीची तारीख व पासवर्ड एका वहीत लिहून ती सातबाऱ्याच्या कागदांबरोबर कपाटात ठेवावी. फोनवर कोणी पासवर्ड किंवा ओटीपी मागितला तर देऊ नये. नूतनीकरणाच्या पैशांचे पत्र आले तर त्यातील दुवा न दाबता स्वतः खात्यात शिरून खात्री करावी.

ज्यांची वेबसाईट आधीच झाली आहे, त्यांनी ती करणाऱ्याला या आठवड्यातच तीन प्रश्न विचारावेत: डोमेन कोणाच्या नावावर आहे? सूचना कोणत्या ईमेलवर व फोनवर येतात? मुदत केव्हा संपते? नाव आपल्यावर नसेल तर संबंध गोडीचे आहेत तोवरच ते करून घ्यावे.