विम्याचे कार्ड आहे. पण दरमहाच्या गोळ्यांचे काय?

अहिल्यानगर, प्रतिनिधी

आरोग्य विम्याचे कार्ड घरात आले म्हणजे औषधांची चिंता मिटली, असा समज जिल्ह्याच्या शहरी आणि ग्रामीण भागात सारखाच रूढ आहे. प्रत्यक्षात रक्तदाब, मधुमेह यांसारख्या आजारांवर दरमहा लागणाऱ्या गोळ्यांचा खर्च बहुतेक योजनांच्या कक्षेत येतच नाही. विमा धावून येतो तो प्रामुख्याने रुग्णालयात दाखल झाल्यावर. हा फरक कागदपत्रांतील चार-दोन शब्दांत दडलेला असतो आणि ते शब्द बहुधा दावा नाकारला गेल्यावरच वाचले जातात.

अमेरिकेत ज्येष्ठांच्या बाह्यरुग्ण औषधांसाठी १ जानेवारी २००६ पासून ‘मेडिकेअर पार्ट डी’ हा स्वतंत्र विमा लागू झाला. आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी तसा केवळ औषधांचा विमा नाही. त्यामुळे औषधे कोठे मिळतात आणि कोठे मिळत नाहीत, हे प्रत्येक योजनेनुसार तपासावे लागते.

दहा दिवसांची मर्यादा

राज्यात २०१२ मध्ये सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाते. जुलै २०२४ पासून तिची व्याप्ती सर्व शिधापत्रिकाधारकांपर्यंत नेण्यात आली आणि संरक्षण कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत वाढले. दाखल असतानाची औषधे उपचाराच्या ‘पॅकेज’मध्येच धरलेली असतात, घरी सोडल्यानंतर १० दिवसांपर्यंतची औषधेही त्यात येतात. त्यानंतर मात्र बहुतेकदा खर्च रुग्णाचा. हृदयाची शस्त्रक्रिया फुकट झाली, तरी त्यानंतर अनेक वर्षे घ्यावयाच्या गोळ्या बहुतेकदा विकतच आणाव्या लागतात. पैशांअभावी त्या बंद झाल्या, तर शस्त्रक्रियेचा लाभही धोक्यात येतो.

खासगी विम्यातही चित्र फारसे वेगळे नाही. विमा नियामकाने २०२० मध्ये आणलेल्या ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीत दाखल होण्यापूर्वीचे ३० आणि घरी आल्यानंतरचे ६० दिवस धरले जातात. अट एवढीच, की औषधे त्याच आजाराची असली पाहिजेत. त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी आणि दुकानाचे पक्के बिल जपून ठेवणे आवश्यक ठरते.

शब्दांचा अर्थ

‘डिडक्टिबल’ म्हणजे विमाधारकाने आधी स्वतः सोसावयाची ठरावीक रक्कम. ‘को-पेमेंट’ म्हणजे मंजूर खर्चातील त्याचा टक्केवारीतील वाटा. समजा, बिल ६० हजारांचे, डिडक्टिबल १० हजार आणि उर्वरित रकमेवर को-पेमेंट १० टक्के. तर पहिले १० हजार आणि उरलेल्या ५० हजारांवरील ५ हजार, असे १५ हजार रुपये रुग्णाच्या खिशातून जातात. कंपनी ४५ हजार देते.

‘वेटिंग पिरियड’ म्हणजे प्रतीक्षेचा काळ. पॉलिसी घेण्यापूर्वीच्या आजारांसाठी तो कमाल ४ वर्षे होता. २०२४ मध्ये नियामकाने तो ३ वर्षांवर आणला. मधुमेह आहे हे अर्जात लपविल्यास पुढे दावा फेटाळला जाण्याचा धोका असतो. ‘ओपीडी’ संरक्षण म्हणजे दाखल न होता घेतलेल्या उपचारांचे संरक्षण. अनेक पॉलिसींत त्यासाठी जादा हप्ता भरावा लागतो आणि ‘सब-लिमिट’, म्हणजेच त्या खर्चापुरती वेगळी कमाल मर्यादा असते. जादा हप्ता आणि ही मर्यादा यांची तुलना केल्याखेरीज ते घेणे शहाणपणाचे नाही.

मग गोळ्या कोठे?

दरमहाच्या औषधांसाठी खरा आधार विम्याबाहेरच आहे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रांतही रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्या देण्याची तरतूद आहे. कर्मचारी राज्य विम्याखालील कामगारांना आणि माजी सैनिकांच्या ‘ईसीएचएस’ योजनेच्या लाभार्थ्यांना दाखल न होताही औषधे मिळतात. २००८ मध्ये सुरू झालेल्या जनऔषधी उपक्रमाच्या केंद्रांतील औषधे किमान निम्म्याने स्वस्त असल्याचा सरकारचा दावा आहे. त्यासाठी डॉक्टरांनी चिठ्ठीवर औषधाचे मूळ, म्हणजे जेनेरिक नाव लिहिणे उपयुक्त ठरते.

मात्र तरतूद असणे आणि गोळी हाती पडणे यांत अंतर आहे. सरकारी औषधखरेदीतील दिरंगाईच्या तक्रारींनंतर राज्याने २०२३ मध्ये हे काम स्वतंत्र प्राधिकरणाकडे सोपविले. त्याचे यश मुंबईतील निविदांवरून नव्हे, तर अकोले, पाथर्डी, जामखेडच्या आरोग्य केंद्रांतील कपाटांवरून मोजले पाहिजे. तोवर पॉलिसीवर सही करण्यापूर्वी प्रत्येकाने एक प्रश्न विचारावा: दाखल न होता लागणाऱ्या गोळ्यांचे पैसे यातून मिळतील का, आणि वर्षाला किती? उत्तर तोंडी नव्हे, लेखी घ्यावे.